नील्सची डावी टाच

माझ्या पोटात काही राहत नाही, असं माझी बायको चारचौघांत सांगते. बाजारात कोण भेटलं, शेजारच्या भांडणात कोण काय बोललं, सगळं मी चप्पल काढता काढता ओकून टाकतो म्हणे. लोक हसतात. मीही हसतो. काय करणार? सुनंदाला कसं सांगू, की एक गोष्ट आहे — एकच — जी मी पंचवीस वर्षं पोटात दाबून ठेवली आहे? तिला ती माहीत नाही. मुलीला तर नाहीच नाही. देवासमोर हात जोडतानासुद्धा मी तेवढी सोडून बाकीचं बोलतो.

मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा गेल्या महिन्यात साखरेच्या डॉक्टरांनी माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याला टाचणी टोचून विचारलं, "काका, लागतंय का?" — आणि मला काहीच लागलं नाही, म्हणून असेल. डॉक्टर म्हणाले, होतं असं, जपा. मी मान हलवली. घरी येईपर्यंत रिक्षात त्या अंगठ्याकडेच बघत बसलो होतो. एके काळी हा अंगठा फार हुशार होता हो. माझ्यापेक्षा खूप प्रामाणिक.

आधी नील्सबद्दल सांगतो. नाही — आधी माझंच सांगायला हवं. नाहीतर तुम्हालाही वाटेल की मी डॉक्टर होतो. तसं बऱ्याच जणांना वाटायचं, आणि मी वाटू द्यायचो.

वडील कोल्हापूरकडच्या आमच्या गावातल्या तालमीत पैलवानांची मालिश करायचे. मुरगळलेला पाय, भरलेली उसण, निखळलेला खांदा — लोक आधी त्यांच्याकडे यायचे, मग दवाखान्यात जायचे. तेलाची वाटी धरण्यापासून मी सगळं त्यांच्याकडेच शिकलो. त्यांची एक पद्धत होती. डोळे मिटायचे आणि अंगठा शिरेवरून सावकाश सरकवत न्यायचा. चांगली शीर ताणलेल्या दोरीसारखी लागते. आतून तुटत आली असेल, तर एका जागी अंगठा हळूच खाली जातो. त्याला वडील ‘अंगठा बुडला’ म्हणायचे. अंगठा बुडला, की त्या पैलवानाचा लंगोट खुंटीला. सवा महिना तरी आखाड्याकडे फिरकायचं नाही.

एकदा ऐन जत्रेच्या आदल्या दिवशी आमच्या गावच्या सगळ्यात मोठ्या पैलवानाच्या टाचेमागं त्यांचा अंगठा बुडला. कुस्ती ठरलेली, भिंतीभिंतीवर कागद चिकटवलेले. वडील सरळ पंचांसमोर गेले आणि म्हणाले, हा उद्या उतरणार नाही. गाव खवळलं. दोन-अडीच महिने, वडील चहाच्या टपरीवर गेले की माणसं उठून जायची. वडील शांतपणे एकटेच चहा प्यायचे आणि घरी यायचे. तो पैलवान त्यानंतर सात वर्षं लढला.

हे मी मुद्दाम सांगतोय. मला कळलं नाही, समजलं नाही, असं म्हणायला पुढं मला जागा राहू नये म्हणून.

मी दुबईला गेलो तो मात्र सिमेंटची पोती उचलायला. तिथल्या सोनापूर नावाच्या मजूर कॅम्पात एका खोलीत आम्ही बारा जण, एकावर एक पलंग. शुक्रवारी सुट्टी असली की मी लोकांच्या पाठी चोळून द्यायचो. एकदा आमच्या फोरमनची धरलेली मान सोडवली. त्याच्या ओळखीनं बोलावणं आलं ते थेट एका फुटबॉल क्लबाचं — उत्तरेकडच्या एका छोट्या अमिरातीत, खाडीच्या काठावर. त्यांना मालिशवाला हवा होता. क्लबाचं नाव सांगत नाही. त्यांनी माझं काही वाईट केलं नाही.

तिथं पांढरा टी-शर्ट घातलेला, हातात तेलाची बाटली असलेला हिंदुस्तानी माणूस म्हणजे डॉक्टर. खरे डॉक्टर वेगळे होते, ते इजिप्तचे. आठवड्यातून दोनदा यायचे. उरलेले पाच दिवस "दोक्तोर! दोक्तोर!" म्हणून सगळे मलाच हाक मारायचे. पहिल्यांदा मी "नाही नाही" म्हणालो. दुसऱ्यांदा हसलो. तिसऱ्यांदा ओ दिली. सुनंदाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगंबाई, मग मी डॉक्टरीणबाई का?" किती हसलो होतो त्या दिवशी आम्ही.

नील्स आला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी. डेन्मार्कचा. मिडफिल्डर. वय तेहतीस — म्हणजे फुटबॉलात संध्याकाळच. युरोपातले खेळाडू त्या वयात आखातात का येतात, हे सगळ्यांना माहीत असतं. शेवटची दोन-तीन वर्षं बरे पैसे, थोडं ऊन, आणि मग घर. बाकीचे विदेशी खेळाडू तसं वागायचेही. हा तसा नव्हता. पहिल्याच दिवशी टेबलावर पालथा झोपला आणि म्हणाला, माझे पाय जुने झालेत, मला त्यांच्याबद्दल खरं तेवढं सांगत जा.

खरं तेवढं. बघा ना, काय मागितलं होतं बिचाऱ्यानं!

त्याची कारकीर्द मी पेपरात वाचली नाही. त्याच्या पायांवरच वाचली. रोज दुपारी पाऊण तास — खिडकीतल्या एसीची घरघर, तिळाच्या तेलाचा वास, आणि त्याच्या एकेका खुणेची गोष्ट. मी तेलात लसूण आणि ओवा तापवून घालायचो, गावाकडं करतात तसा. तो म्हणायचा, चला, स्वयंपाकघरात जाऊ या. उजव्या गुडघ्याखाली सात टाके होते. ते त्यांच्या राजधानीतल्या मोठ्या क्लबात गेल्यावर पहिल्याच वर्षी पडलेले. डाव्या नडगीवर बोटभर खाच होती, ती जर्मनीतली. तिथं तो पाच हंगाम खेळला, तिथंच लग्न झालं. उजव्या घोट्यावर कायमची सूज, ती देशाकडून खेळताना आलेली. देशाकडून तो तीनदाच खेळला, त्यातला एकदा फक्त सोळा मिनिटं. "त्या सोळा मिनिटांवर माझा बाप दहा वर्षं बोलतोय," असं म्हणून गदागदा हसायचा.

डाव्या टाचेवर काही नव्हतं. ती कोरी होती.

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. जो गोल मारतो तो मोठा, एवढीच अक्कल. नील्स अख्ख्या हंगामात दोन गोल मारायचा. पण बाकावर बसून बसून मला दिसायला लागलं. लग्नघरात एखादा माणूस असतो — तो फोटोत कुठं नसतो, पण पंगत त्याच्यामुळं वेळेवर बसते. नील्स तसा होता. तो पळायचा कमी, बघायचा जास्त. चेंडू त्याच्याकडे आला की आमच्या पोरांची धावपळ थांबायची, सगळ्यांना एकदम आपापली जागा सापडायची. घरच्या फोनवर मी त्याला निळोबा म्हणायचो. "तुमचे निळोबा काय म्हणतात?" असं सुनंदा माझ्या आधी त्याची चौकशी करायची.

आणि तो मला डॉक्टर म्हणायचा नाही. वसंत म्हणायचा. एकदा त्यानं विचारलं, हे सगळं शिकलास कुठं? मी म्हणालो, कोल्हापूर. कॉलेजात? मी म्हणालो — हो. तालीम म्हणायला काय झालं होतं मला? त्याला उलट आवडलं असतं. पण मी हो म्हणालो. इतक्या सहज निघून गेलं तोंडातून.

आता व्हिसाचं सांगावं लागेल. कंटाळू नका, सगळं त्या कागदावरच अडलं होतं.

माझ्या व्हिसावर माझं प्रोफेशन छापलेलं होतं — हेल्पर. तिथं बायकामुलांना बोलवायचं तर नुसता पगार पुरत नाही, प्रोफेशनही बरं लागतं. हेल्परला फॅमिली व्हिसा नाही. खलास. लग्नाला सात वर्षं झाली होती, त्यात सगळे मिळून अकरा महिने आम्ही एका छताखाली राहिलो होतो. आमची मुलगी प्राजू पाच वर्षांची झाली होती. मागच्या सुट्टीत गेलो तर आईच्या मागं लपून तिनं विचारलं होतं, "हे कधी जाणार?" रागानं नाही हो. पाहुण्याबद्दल विचारतात तसं.

आमचे मॅनेजर तिथलेच, अरब, पन्नाशीचे, मनानं उदार पण विसराळू. हिंदी झकास बोलायचे. त्यांनीच एकदा माझ्या हातची मालिश घेता घेता म्हटलं होतं, तेरा प्रोफेशन बदल देते हैं, फिजिओथेरपी असिस्टंट लिख देंगे. कागद टाइप झाला. त्यांच्या टेबलावर काचेखाली गेला. आणि तिथंच राहिला. मी चहा द्यायच्या निमित्तानं आत जायचो आणि तो काचेखालचा कागद बघून यायचो. विचारलं की म्हणायचे, इन्शाल्ला, मॅच के बाद. कुठल्या मॅचच्या बाद? तर हंगामातल्या शेवटच्या. त्या मॅचमध्ये निदान बरोबरी झाली नाही तर आमचा क्लब खालच्या गटात जाणार होता. आणि क्लब खाली गेला की मॅनेजर जाणार, हे सगळेच बोलत होते. मॅनेजर गेले की कागद गेला. नवा माणूस येणार, तो मला कशाला ओळखेल?

तेव्हा मॅच वाचायला हवी होती. मॅच वाचायची तर नील्स खेळायला हवा. माझ्या डोक्यात हे असं सरळ रेषेत बसलं होतं.

नील्सच्या डोक्यात दुसरंच होतं. त्या आठवड्यात त्याला पत्र आलं होतं — त्याच्या गावच्या क्लबाचं. समुद्राकाठचं मासळीचं बंदर, वडील तिथल्या कारखान्यात होते. सतराव्या वर्षी तो त्या क्लबातून पहिल्यांदा खेळला, तेव्हा वडील लाकडी कुंपणाला टेकून बघत होते. आता क्लबानं लिहिलं होतं, ये, शेवटचा एक हंगाम आपल्याकडे खेळ. वडील थकले होते, प्रवास करू शकत नव्हते, पण मैदान घरापासून चालत दहा मिनिटांवर. ते पत्र त्यानं मला वाचून दाखवलं होतं. दोनदा. सगळ्या कारकिर्दीत मला एवढंच हवं होतं, म्हणाला.

तो गुरुवार. दुपारचे तीन-साडेतीन. इजिप्तचे डॉक्टर सुट्टीवर गेलेले. बाहेर ऊन असं, की पत्र्याच्या केबिनला हात लावला तर पोळावा. नील्स आला आणि नेहमीसारखा थट्टा न करता टेबलावर पालथा पडला. पावलं टेबलाबाहेर लोंबती सोडली. म्हणाला, डावी टाच सकाळी जरा आखडल्यासारखी वाटते. उद्या खेळलो नाही तरी मला कुणी काही म्हणणार नाही. पण हा पाय मला ऑगस्टमध्ये हवाय. तू बघ. तू सांगशील तसं.

तुम्हाला कळतंय ना? त्यानं माझ्यावर सोडलं होतं. क्लबावर नाही, डॉक्टरांवर नाही.

मी तेल घेतलं. डोळे मिटले. अंगठा पोटरीखालून टाचेकडे सरकवत आणला, सावकाश, वडील न्यायचे तसा. वर सगळं ठीक होतं. घट्ट. टाचेच्या वर तीन बोटं राहिली, आणि —

थांबा. मला इथं नेहमी थांबावं लागतं. मनातल्या मनात सांगतानाही मी इथं थांबतो, आणि मग वाटतं, कदाचित नसेल तसं, कदाचित तेलानं अंगठा घसरला असेल. पंचवीस वर्षांत मी हे किती वेळा म्हणून बघितलंय.

अंगठा बुडला.

फार नाही. पिकलेल्या केळ्यावर बोट दाबलं की जातं, तेवढाच. मी त्याला पाऊल वर-खाली करायला सांगितलं. अंगठ्याखाली करकर लागली, ओल्या वाळूवर चालल्यासारखी. परत नेला अंगठा. परत तिथंच बुडला. तिसऱ्यांदा नेला नाही. गरज नव्हती.

"व्हॉट डज द थंब से, वसंत?" त्यानं उशीत तोंड ठेवूनच विचारलं. माझा चेहरा त्याला दिसत नव्हता. दिसला असता तर? काय माहीत.

मला मॅनेजरनी धमकावलं नव्हतं. कुणी पैसे दिले नव्हते. खोटं बोल, असं मला जगात कुणीही सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर काचेखालचा कागद आला, आणि आईच्या मागून डोकावणारी पोर. दोन श्वास गेले असतील. मी म्हणालो, "थंब सेज गुड. लिटल टाइट. यू प्ले."

तो उठून बसला. एवढा हलका झाला होता त्याचा चेहरा! माझा खांदा थोपटला. केबिनमधून बाहेर पडताना त्यानं शीळ घातली.

पाठोपाठ मॅनेजरनी दारातून डोकं आत घातलं. "दोक्तोर, नील्स खेलेगा?"

"खेलेगा, सर."

"पक्का?"

"एकदम फिट," मी म्हणालो. आता तर सोपं होतं.

शुक्रवारी पहिल्या विसेक मिनिटांतच झालं. त्याच्या आसपास कुणी नव्हतं, खरंच कुणी नव्हतं. चेंडू बाजूला देऊन तो पुढं निघाला, आणि मागून कुणी लाथ मारल्यासारखा थबकला. त्यानं मान वळवून मागं बघितलं. मागं मोकळं गवत. मग त्याच्या लक्षात आलं असावं. तो हळूच खाली बसला, डाव्या टाचेवर हात ठेवला, आणि त्यानं बाकाकडे बघितलं. माझ्याकडे. रागानं नाही. घरच्या माणसाला शोधतात तसं.

मी पळत गेलो. टाचेमागं शीर नव्हतीच, नुसता खड्डा. स्ट्रेचरवर घेताना मॅनेजरही धावत आले, सगळी पोरं गोळा झाली. त्यांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "कल कुछ था क्या?"

तेव्हा तरी बोलायचं होतं ना? शीर तर तुटलीच होती. आता तर त्याचं काही वाचणार नव्हतं, फक्त माझं जाणार होतं. मी म्हणालो, "नहीं सर. कल कुछ भी नहीं था." नील्सनं माझं मनगट धरलं. वेदनेनं पांढराफटक पडला होता. मला म्हणाला, "नॉट युवर फॉल्ट, वसंत." मला! आणि मी मान हलवली. हो, माझी चूक नाही, अशी मान हलवली.

मॅच शून्य-शून्य सुटली. क्लब वाचला. नील्सशिवाय वाचला.

रविवारी मॅनेजरनी मला आत बोलावलं. काच उचलली, कागद काढला, सही केली. आणि कपाळावर हात मारून म्हणाले, "सॉरी यार, ये तो पिछले महीने ही साइन करना था. मैं भूल गया. तू याद क्यूँ नहीं दिलाता?"

मी कागद घेऊन बाहेर आलो आणि केबिनच्या मागच्या सावलीत बसलो. किती वेळ, आठवत नाही. आमचा किट सांभाळणारा मल्याळी कुंजुमोन येऊन म्हणाला, सेठ, रोते क्यूँ हो, फॅमिली आएगी अब. त्याला वाटलं मी आनंदानं रडतोय.

नील्स दहा दिवसांनी गेला. कुबड्यांवर, पाय प्लॅस्टरमध्ये. मी विमानतळावर गेलो नाही. काम होतं म्हणालो.

सुनंदा आणि प्राजू चार महिन्यांनी आल्या. विमानतळाच्या काचेतून प्राजू दिसली, पिवळ्या फ्रॉकमध्ये, डोळे चोळत. मी तिला उचललं. खोटं का बोलू — त्या क्षणी मला नील्सची आठवणसुद्धा झाली नाही. मी सुखात होतो. पुढची कितीतरी वर्षं मी सुखात होतो, आणि ते सुख खरं होतं. शारजात दोन खोल्या, रविवारी नव्हे तर शुक्रवारी मटण, प्राजूची शाळा, तिचं फडाफडा इंग्रजी. भिंतीवर नील्सनं सही करून दिलेली आठ नंबरची जर्सी. पाहुणे आले की सुनंदा मोठ्या कौतुकानं सांगायची, हे यांचे पेशंट होते.

जवळपास तीन वर्षांनी पत्र आलं. तोवर मी क्लब सोडून एका हेल्थ सेंटरमध्ये लागलो होतो. क्लबाच्या पोस्ट बॉक्सवर आलेलं पत्र कुंजुमोननं घरी आणून दिलं. चहा पिऊन गेला. पत्र इंग्रजीत, बारीक अक्षरात. मला बोलण्यापुरतं इंग्रजी यायचं, एवढं वाचायला जमेना. प्राजू तेव्हा आठ वर्षांची. ती सोफ्यावर मांडी घालून मोठ्यानं वाचायला लागली.

दोनदा ऑपरेशन झालं, लिहिलं होतं. पाय चालायला ठीक आहे, खेळायला नाही. गावच्या क्लबानं खूप वाट बघितली, शेवटी दुसरा घेतला. तो तिथं आता लहान मुलांना शिकवतो. वडील कधीकधी मैदानाबाजूला मोटारीत बसून मुलांचा खेळ बघायचे. या वसंतात ते गेले.

आणि मग त्यानं विचारलं होतं. इथले डॉक्टर म्हणतात, अशी शीर एकाएकी तुटत नाही, आधी काही खूण असते. मी फार विचार करतो. त्या शुक्रवारी मी वॉर्म-अप अर्धवट सोडून ऑफिसातून वडिलांना फोन करायला गेलो होतो — गावी येतोय हे सांगायला. थंड पायानंच मैदानात उतरलो. माझ्या तिथल्या सगळ्या दिवसांत मला खरं सांगणारा तू एकटा होतास. म्हणून तुला विचारतो. गुरुवारी तुझ्या अंगठ्याला काही लागलं होतं का? लागलं असेल आणि माझ्यासाठी म्हणून बोलला नसशील, तरी मी रागावणार नाही. मला फक्त जाणून घ्यायचंय.

प्राजूनं मान वर केली. "बाबा, ही इज आस्किंग अबाउट युवर थंब! कॅन आय राइट द रिप्लाय?"

सुनंदा आतून म्हणाली, "लिही गं, छान अक्षरात लिही. आमच्यातर्फे पण विचार."

तिनं वहीचं पान फाडलं. पेन्सिलीला टोक केलं. डिअर अंकल नील्स, असं लिहिलं आणि माझ्याकडे बघत बसली. मी काय लिहायचं ते सांगणार होतो. मला वेळ होता. दार बंद करून, एकट्यानं, मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी लिहू शकलो असतो. चार शब्द. चार शब्द येत होते मला.

मी म्हणालो, "लिही — गुरुवारी तुमचा पाय अगदी चांगला होता."

"परफेक्टली ऑल राइट?"

"हो."

तिनं लिहिलं. मग थांबली. "बट बाबा, आर यू शुअर? ही रिअली वॉन्ट्स टु नो."

"हो म्हटलं ना!" मी तिच्यावर ओरडलो. तिच्यावर मी कधी ओरडत नसे. तिनं खाली मान घालून पत्र पुरं केलं, कोपऱ्यात एक फुटबॉल काढला, तो रंगवला. पोस्टात टाकायला मी आणि ती दोघं चालत गेलो.

नाताळात तिच्या नावानं कार्ड आलं. बर्फातलं एक बंदर, लाल छपरं. आत दोनच ओळी. प्राजूनं वाचून दाखवल्या आणि आनंदानं नाचली, कारण परदेशातून तिला स्वतःला आलेलं ते पहिलं कार्ड. ते आजही तिच्याकडे आहे. ती आता कॅनडात असते, तिच्या मुलीला दाखवते म्हणे — आजोबांचे मित्र, मोठे फुटबॉलपटू. त्या कार्डामागं नील्सचा पत्ता आहे. त्या घरात तो अजून आहे की नाही, आहे की नाही मुळात, हे मी शोधलेलं नाही.

त्यात लिहिलंय — थँक यू, प्राजक्ता. टेल युवर फादर, नाउ आय नो. इट वॉज द फोन कॉल.

तो फोन नव्हता. बापाला केलेल्या फोननं त्याची शीर तुटली नव्हती. गुरुवारी दुपारी माझा अंगठा दोनदा बुडला होता, आणि मी त्याला खेळ म्हणालो.